जोडीतला दुसरा बैल



मागच्या महिन्यात सेलूला जायचे म्हणून देवगाव फाट्यावर उभा होतो. मंठ्याकडून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता इथेच मिळतो, आणि गाडी चुकली की चहाच्या टपरीवाचून दुसरा आसरा नाही. बाकावर एक आजीबाई बसल्या होत्या. शेजारी त्यांचा नववीतला नातू. घर आवरताना माळ्यावर फवारणीच्या औषधाची एक जुनी बाटली सापडली होती, ती दुकानदाराला दाखवून विचारावी म्हणून आजीबाईंनी पिशवीत घालून आणली होती. बरोबरचे माहितीपत्रक केव्हाच गहाळ झालेले. बाटलीवर एक तिरकी चौकट, तिचा खालचा त्रिकोण लालभडक, आणि भोवती बारीक अक्षरांत इंग्रजी.

आजीबाई नातवाला म्हणाल्या, "वाच की रं, काय लिवलंय. शिकवणीला एवढे पैसे भरलेत तुझ्या."

नातू हुशार. बोट ठेवून त्याने वाचले, "इफ स्वॉलोड, ऑर इफ सिम्प्टम्स ऑफ पॉयझनिंग अकर, कॉल फिझिशियन इमीजिएटली." उच्चार साफ. अर्थही लगेच सांगितला, "औषध गिळलं आणि विष चढल्याची लक्षणं दिसली, तर ताबडतोब डॉक्टरला बोलवा."

आजीबाईंचे समाधान झाले. माझे झाले नाही. मी म्हटले, "बाळ, गिळलं याच्या पुढचा शब्द कोणता?"

त्याने पुन्हा बोट ठेवले. "ऑर."

"ऑर म्हणजे?"

"किंवा."

"मग तू आणि काहून म्हणालास?"

पोरगा जरा हिरमुसला. म्हणाला, "तेवढ्यानं काय होतंय गुरुजी? अर्थ तर तोच झाला ना?"

मंडळी, अर्थ तोच झाला नाही, आणि तेवढ्याने फार होते. 'आणि' म्हटले की दोन्ही गोष्टी घडायला हव्यात: औषध पोटात जायला हवे आणि लक्षणेही दिसायला हवीत. म्हणजे लेकराने झाकण उघडून तोंडाला लावले, पण अजून ते हसते-खेळते आहे, तर थांबा, लक्षणे दिसू द्या, असा त्याचा अर्थ होतो. 'किंवा' म्हटले की दोहोंपैकी एक घडले तरी पुरे. गिळले असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. आणि लक्षणे दिसत असतील तर 'मी कुठे काही गिळले आहे?' म्हणत बांधावर बसून राहू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात वीसहून अधिक माणसे दगावली, ती काही औषध प्यायलेली नव्हती. फवारताना ते अंगात भिनले होते. त्यांच्यासारख्यांसाठीच त्या वाक्यात 'ऑर' हा शब्द आहे, आणि पुढे 'इफ' दुसऱ्यांदा घातला आहे. या दोन अटी वेगवेगळ्या आहेत, कुणी त्या एकात कालवू नयेत, म्हणून ही काळजी. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली जे नियम झाले, त्यांत लाल त्रिकोणाच्या औषधावर ही सूचना सांगितलेली आहे. (जाता जाता सांगतो: डॉक्टरकडे जाताना बाटली बरोबर न्यावी. नावावरून त्यांना उपाय ठरवता येतो.)

त्या पोराचा दोष मी धरत नाही. 'सिम्प्टम्स' आणि 'पॉयझनिंग' हे अवघड शब्द त्याला येत होते. अडला तो दोन अक्षरी 'ऑर'पाशी. आम्ही शिकवणारेही मोठ्या शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहितो आणि हे बारके शब्द येतातच असे धरून पुढे सरकतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आहे. म्हणजे नववीपर्यंत आठ वर्षे शिकून झाली तरी 'ऑर' आणि 'अँड' यांची गल्लत होते. तेव्हा आज या सदरात नवे शब्द नाहीत. वाक्याला वाक्य जोडणारे जे चिल्लर शब्द आहेत, त्यांच्याकडेच पाहू.

व्याकरणात यांना उभयान्वयी अव्यये म्हणतात. नाव जड आहे, पण अर्थ सोपा: उभय म्हणजे दोन्ही, अन्वय म्हणजे संबंध. दोन्हींचा संबंध लावणारा तो उभयान्वयी. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ लिहिला, आणि शाळेत आपण घोकतो त्या शब्दांच्या आठ जाती याच परंपरेतून आल्या. पण पाठ केलेली जात आणि बोलण्यातली सवय या दोन गोष्टी. सवय पाहायची तर घरातले बोलणे ऐकावे.

आपल्या मराठीत वाक्ये जोडायला बहुधा बैलजोडी लागते. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसा-तसा, जितका-तितका, जो-तो. एक बैल पहिल्या वाक्यात, दुसरा दुसऱ्यात, आणि दोघांच्या मानेवर एक जू. आपल्या म्हणी बघा. ज्याचं जळतं त्याला कळतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. यातला 'त्याला' किंवा 'त्याची' काढून पाहा, गाडी तिथेच बसते.

इंग्रजीची गाडी एका बैलावर चालते. 'इफ इट रेन्स, वी विल सो.' पाऊस आला, तर आपण पेरू. 'इफ' एकटाच आहे, 'तर'साठी वेगळा शब्द नाही. तिथे 'देन' घालता येतो, पण घालावाच लागत नाही. 'दो', 'व्हेन', 'व्हेअर', 'हू' यांचेही तसेच.

आता यातली गंमत. आपणही रोजच्या बोलण्यात पुरती जोडी दर वेळी जुंपत नाही. 'पाऊस आला तर पेरू' असेच म्हणतो, 'जर' गाळतो. 'पाऊस झाला तरी विहिरीला पाणी नाही' म्हणतो, 'जरी' गाळतो. खाण तशी माती, पेराल तसे उगवेल, इथेही 'जशी' आणि 'जसे' गेले. म्हणजे मराठी माणूस पहिला बैल सोडतो आणि दुसरा ठेवतो. इंग्रज नेमका उलटा: तो पहिला ठेवतो आणि दुसरा सोडतो. आपल्या मुलांच्या इंग्रजीतल्या निम्म्या चुका या एका गोष्टीतून येतात, असे मला इतकी वर्षे वह्या तपासून वाटते.

कसे ते पाहा. मुलगा लिहितो, 'दो इट रेन्ड, बट द वेल इज ड्राय.' त्याच्या मनात 'जरी पाऊस झाला, तरी विहीर कोरडी' असे आहे. 'जरी'साठी 'दो' लिहून झाला, 'तरी' मोकळा राहिला, म्हणून त्याला 'बट'चे दावे लावले. इंग्रजीत 'दो' असेल तर 'बट' नको, 'बट' असेल तर 'दो' नको. 'बिकॉज' आणि 'सो' यांचेही असेच, दोन्ही एका वाक्यात जुंपायचे नाहीत. आणखी एक: 'द मॅन हू केम यस्टरडे ही इज माय अंकल.' जो माणूस काल आला, तो माझा मामा आहे. 'जो'चा 'हू' झाला, आणि 'तो' सोडवेना, म्हणून मध्ये 'ही' आला. तो 'ही' काढला की वाक्य शुद्ध. मुलांना मी सांगत असे, लिहून झाले की दुसरा बैल शोधा आणि सोडून द्या. (इंग्रजीत जोड्या अजिबातच नाहीत असे नव्हे. आयदर-ऑर, बोथ-अँड अशा काही आहेत. पण त्या थोड्या, आणि त्या वेगळ्या पाठ करता येतात.)

वाचताना याचीच उलट बाजू आडवी येते. आपला कान 'तर' आणि 'तरी'ची वाट पाहतो. ते वाक्याच्या मध्यावर येतात, तिथे आपण सावध होतो. इंग्रजी वाक्य पहिल्याच शब्दाला 'इफ' म्हणून मोकळे होते. तो एक शब्द नजरेतून सुटला की अट सुटली, आणि अटीची गोष्ट घडून गेल्यासारखी वाटू लागते. बँकेचे किंवा विम्याचे इंग्रजी पत्र घरी आले की मुलाला आधी पहिला शब्द वाचायला सांगावे, आकडा मागून पाहावा.

आणि कधीकधी इंग्रजी तो एक बैलही सोडून देते. 'द सीड आय बॉट इज बॅड.' यात जोडणारा शब्द कोणता? कोणताच नाही. 'सीड' आणि 'आय' यांच्या मध्ये खरे तर 'विच' किंवा 'दॅट' होता, तो बोलण्यात गळून गेला. मुलगा वाचतो, 'बी, मी विकत घेतले, आहे, खराब', आणि डोके खाजवतो. अशा ठिकाणी एक युक्ती चालते. दोन नामे, किंवा नाम आणि 'आय', 'ही', 'शी' यांपैकी काही, स्वल्पविरामावाचून एकमेकांना खेटून आले की समजावे, इथे एक 'जो' गुप्त झाला आहे. मग मराठी करताना 'जे बी मी घेतले ते' असे लांबण लावायचेही कारण नाही. आपल्याकडे याला सुरेख रूप तयार आहे: 'मी घेतलेले बी खराब आहे.' 'द मेडिसिन द डॉक्टर गेव्ह', डॉक्टरने दिलेले औषध. 'द वुमन हू ब्रिंग्ज मिल्क', दूध आणणारी बाई. आपल्या '-लेला' आणि '-णारा' यांनी जोडशब्दाचे कामच उरू दिलेले नाही. 'बाजारात जाऊन बी घेऊन आला' यातही 'आणि' कुठे आहे? '-ऊन'ने तो पोटात घेतला. इंग्रजीला तिथे 'वेंट टू द मार्केट अँड बॉट सीड' असा 'अँड' लागतोच.

हल्ली मात्र छापील मराठीत 'तो शेतकरी, ज्याने काल अर्ज केला होता, आज आला' अशी वाक्ये दिसतात. ही इंग्रजीच्या वळणाची मराठी. कुणी असे लिहू नये असा माझा हट्ट नाही, पण 'काल अर्ज केलेला शेतकरी आज आला' हे तीन शब्दांनी स्वस्त आहे आणि घरच्या माणसासारखे वाटते.

जोडण्याचे काम सर्वनामेही करतात. पहिल्या वाक्यात 'बैल' म्हटले, दुसऱ्यात 'तो' म्हटले, की दोन वाक्ये बांधली गेली. इथे आपल्या भाषेला एक सोय आहे. निर्जीव वस्तूंनाही आपण लिंग देतो. दोर तो, बादली ती, पाणी ते. 'दोर बादलीला बांधला आणि तो तुटला' म्हटले की दोर तुटला. 'ती फुटली' म्हटले की बादली गेली. इंग्रजीत दोर आणि बादली दोघांनाही 'इट'. 'ही टाइड द रोप टू द बकेट अँड इट ब्रोक.' काय तुटले? सांगता येत नाही. म्हणून नेमके लिहायचे असेल तिथे इंग्रज 'इट' टाळून वस्तूचे नाव पुन्हा घेतो. आपल्या मुलांना वाटते, नाव पुन्हा घेणे म्हणजे चूक. अर्जात, तक्रारीत, पंचनाम्यात ते खुशाल घ्यावे. 'इट' कुणाला लागतो याचा दुसऱ्याला घोळ पडला, तर नुकसान आपलेच.

माणसांच्या बाबतीत अडचण निराळी. 'माझे वडील शेतकरी आहेत. ते पहाटे उठतात.' याचे मुले 'माय फादर इज अ फार्मर. दे गेट अप अर्ली' असे करतात. वाचणाऱ्या इंग्रजाला वाटावे की घरात चार-पाच वडील आहेत. इंग्रजीत वडिलांनाही 'ही' आणि आजीलाही 'शी'. एकदा एका मुलीला मी हे सुधारायला सांगितले, तर ती लिहीना. म्हणाली, "गुरुजी, आज्याला अरे-तुरे कसं लिहू?" मला तिचे कौतुकच वाटले. तिला समजावले की इंग्रजीच्या घरात अहो-जाहोची चूलच नाही, तिथे राजालाही 'ही' म्हणतात. मग तिने लिहिले, पण पेन जरा दाबूनच.

या सर्वनामाने मलाही एकदा ठकवले आहे. माझा भाचा पुण्याला शिकायला होता. इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून मीच त्याला सांगितले होते की मोबाइलवर मला इंग्रजीतून लिहीत जा. एका शुक्रवारी त्याचा निरोप आला, 'पप्पा सेड दॅट आय विल कम ऑन संडे.' मी घरी सांगितले, रविवारी भाचा येतोय. पोरगेच ते, घरचेच, म्हणून पिठले-भाकरीचा बेत. रविवारी दारात उभे कोण, तर भाच्याचे वडील, आमचे मेहुणे! मेहुणे म्हणजे मानाचे. त्या दिवशी मी बायकोचे काय काय ऐकून घेतले ते इथे लिहीत नाही.

चूक कुठे झाली? भाच्याच्या मनात मराठी वाक्य होते, 'पप्पा म्हणाले की मी रविवारी येतो.' आपल्या भाषेत 'की'च्या पुढे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. 'मी' म्हणजे पप्पा, हे आपण ओळखतो. इंग्रजीत 'दॅट' आला की बोलणाऱ्याचे शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी जातात, आणि 'मी'चा 'तो' करावा लागतो: 'पप्पा सेड दॅट ही वुड कम ऑन संडे.' ज्याला ते जमत नसेल त्याने 'दॅट' गाळून अवतरणचिन्हे घालावीत, म्हणजे 'आय' ठेवता येतो. या 'की'ची कुळकथाही मजेदार आहे. तो फारसीतून आपल्याकडे आला असे मानतात. आमचा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. तेव्हा आमच्या वडलांच्या पिढीला 'की', 'लेकिन', 'मगर' हे जोडशब्द तोंडपाठ. त्या पिढीतल्या ज्यांनी इंग्रजी शिकले, त्यांतल्या पुष्कळांनी ते उर्दूच्या दारातून शिकले. उर्दूतही 'उसने कहा कि मैं आऊंगा' असेच म्हणतात. म्हणजे भाच्याची चूक तीन पिढ्या जुनी आहे, त्याला एकट्याला काय बोलणार?

आता ज्या घरात आई-वडिलांना इंग्रजी येत नाही, त्यांनी मुलाचा अभ्यास कसा घ्यावा? तसे विचारणारी पत्रे येतात. त्यांना इंग्रजी यायची गरज नाही. मुलाला धड्यातले एक लांब वाक्य काढायला लावा. लाल पेन्सिलीने त्यातल्या जोडशब्दांभोवती गोल करायला सांगा: अँड, ऑर, बट, इफ, दो, बिकॉज, दॅट, हू, विच. मग विचारा, यात क्रियापदे किती? तीन असतील तर बहुधा वाक्ये तीन, आणि तीन वाक्यांना दोन सांधे हवेत. गोल एकच निघाला तर दुसरा सांधा गुप्त आहे, तो शोधायला लावा. शेवटी मुलाने मराठीत अर्थ सांगावा, आणि तुम्ही फक्त एवढेच विचारावे: "आणि की किंवा? तो म्हणजे कोण?" उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला मराठीच्या अर्थावरूनच पुष्कळ वेळा कळेल. घरातल्या शेतीच्या, औषधाच्या वस्तूंवरची इंग्रजी वाक्ये यासाठी धड्यापेक्षा चांगली. त्यांत निरर्थक शब्द सहसा नसतो.

फाट्यावरच्या त्या पोराला मी तेच वाक्य पुन्हा वाचायला लावले. या वेळी तो 'ऑर'पाशी थांबला, म्हणाला, "गिळलं तरी, किंवा नुसती लक्षणं दिसली तरी." आजीबाईंनी बाटली पिशवीतून काढली, पदराखालच्या जुन्या फडक्यात गुंडाळली आणि पिशवीच्या तळाशी, भाकरीच्या डब्यापासून दूर ठेवली. तेवढ्यात सेलूची गाडी आली.

या आठवड्याचा अभ्यास. पुढील वाक्यांत चुका आहेत, मुलांनी त्या शोधून वहीत शुद्ध वाक्ये लिहावीत. एक: 'दो ही इज ओल्ड, बट ही वर्क्स हार्ड.' दोन: 'द कॅल्फ विच आय बॉट it इज इल' असे लिहिणाऱ्याला आपण काय सांगाल, त्यातला 'इट' कुणाचा? तीन: 'माय ग्रँडफादर सेड दॅट आय एम टायर्ड.' दमले कोण, नातू की आजोबा? पुढच्या अंकात उत्तरे, आणि नोटिसांमधून हमखास भेटणारा 'अनलेस'. त्याच्या पोटात एक 'नाही' दडलेला असतो, आणि त्यापायी फार गोंधळ होतो.